आहिस्तासर

सर पडद्यावर आले की आमच्या शहरात लोक टीव्हीचा आवाज वाढवायचे. बाकीचे बातम्या सांगणारे ओरडायचे, त्यांचा आवाज कमी करावा लागे. सर मात्र शेजारच्या खोलीत कुणी आजारी झोपलेलं असावं तसं बोलत. एखाद्या माणसानं किती घरं धुळीला मिळवली हे ते ज्या सुरात सांगत, त्या सुरात आपण पंगतीत मीठ मागतो. शहागंजात आमच्या नेहमीच्या टपरीवरचे चाचा त्यांना लांबूनच विचारायचे, "क्या आहिस्तासाब, आज किसकू लटकाए?" त्यावरून आमच्या चॅनलमध्ये त्यांना आहिस्तासर म्हणू लागले. मी एकदा विचारलं, "सर, तुम्ही जरा जोरात का बोलत नाही?" ते म्हणाले, "ओरडलं की समोरच्याला कळतं, आपल्याकडं कागद नाय."

आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. वडील वाळूजच्या कामगारांची शिफ्टची बस चालवतात, आई फुलंब्रीच्या बाजारात भाजी विकते. हे मी कुणापासून लपवत नाही, उलट सांगायची संधी शोधते. सरांकडं कामाला गेले त्या पहिल्या दिवशीही मी ती शोधली. म्हटलं, "मी पत्रकारितेत विद्यापीठात दुसरी आले." सरांनी माझ्याकडं न बघता विचारलं, "पहिलं कोण आलं? त्याचा नंबर आहे का?" मग ते म्हणाले, "राहू दे. पहिले आलेले मुंबईला जातात. तू एडिटिंगला बस."

चॅनल आमचं लहान. एका कापड दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, एक कॅमेरा चांगला आणि एक बरा. आठवड्यातून एकदा सरांचा अर्धा तास असायचा. त्या अर्ध्या तासात सरांनी बोगस डॉक्टर दाखवले, नोकरी लावून देतो म्हणून पोरांना फसवणारे एजंट दाखवले, भेसळीचं दूध दाखवलं. विशेषणांचा त्यांना तिटकारा होता. मी एकदा निवेदनात 'नराधम' लिहिलं, तर त्यांनी ते खोडून वर त्या माणसाचं नाव, गाव आणि धंदा लिहिला. "विशेषण लावलं की त्याच्या वकिलाला काम मिळतं," म्हणाले.

साक्षीदाराशी बोलायची त्यांची एक रीत होती. आधी चहा. चहा संपेपर्यंत एकही प्रश्न नाही. पाऊसपाणी, पोरंबाळं, गुडघेदुखी. "कप हातात आहे तोवर माणूस कपाला धरून बोलतो," ते म्हणत. "कप खाली ठेवला की हात मोकळे होतात. मग खरं बोलल्याशिवाय त्याला करमत नाही." दुसरी रीत अशी, की साक्षीदाराच्या घरी कधीच शूटिंग करायचं नाही. आणि तिसरी, जी आम्हाला वर्गात कुणी शिकवली नव्हती: खोलीचा आवाज मारायचा नाही. पंखा, कुकरची शिट्टी, रस्त्यावरची रिक्षा, सगळं थोडं थोडं खाली ऐकू यायला हवं. "नुसता माणसाचा आवाज ठेवलास तर बघणाऱ्याला वाटतं, स्टुडिओत बसवून पढवलंय. खोली बोलली पाहिजे."

ज्यांचं पितळ सरांनी उघडं पाडलं, त्यांनी मारायला माणसं पाठवली नाहीत. त्यांनी खटले पाठवले. बदनामीचे. एक पैठणला, एक वैजापूरला, एक फुलंब्रीला. प्रत्येक ठिकाणी तारखेला हजर राहायचं, दिवसभर बाकावर बसायचं, आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत यायचं. सर डबा घेऊन जायचे. "चाललो तालुकादर्शनाला," असं सांगून जायचे, पण मला हळूहळू दिसत होतं, की त्यांच्या आठवड्याचे दिवस एकेक करून दुसऱ्यांच्या ताब्यात जातायत.

आता अण्णाबद्दल. आमच्याकडचा गुन्हेगार पिस्तूल घेऊन फिरत नाही. तो पांढरे कपडे घालतो, गणपतीला वर्गणी देतो आणि एकच प्लॉट पाच जणांना विकतो. शहराच्या कडेला शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे पाडायचे, बाँड पेपरवर लिहून द्यायचे, आणि वाळूजला मशीनवर उभं राहणाऱ्या माणसानं घराचा पाया खणायला घेतला की तिथं आधीच दुसऱ्याच्या विटा पडलेल्या असायच्या. अण्णा त्यातला मोठा. त्याच वस्त्यांना पाणी पुरवणारे टँकरही त्याचेच.

त्याच्याविरुद्ध बोलायला एकच माणूस तयार झाला. कचेरीबाहेर टेबल टाकून बाँड लिहिणारे साठीचे गृहस्थ. सर त्यांना मुन्शीजी म्हणायचे, मीही तेच म्हणते. अण्णाचे सगळे बाँड त्यांच्या हातचे. बोलायला का तयार झालात, असं सरांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "एक बाई आली होती, सर. तिच्या प्लॉटवर दुसऱ्याचं बांधकाम निघालं. बाँड वाचून दाखवा म्हणाली. मी वाचला. रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, काका, अक्षर लई सुंदर आहे तुमचं. तेवढं एक वाक्य मला झोपू देत नाही."

पण मुन्शीजी शूटिंगला बाहेर यायला तयार नव्हते. फोनवर म्हणाले, "गुरुवारी आमच्याकडं पाणी येणार. मी घर सोडणार नाही. यायचं तर तुम्ही या."

बाहेरगावच्या वाचकांना हे समजावून सांगावं लागेल. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. आठवड्यानं, कधी त्याहून उशिरा, ठरलेल्या भागाला ठरलेल्या दिवशी येतं. त्या दिवशी माणूस लग्नाला जात नाही आणि मयतीला उशिरा पोहोचतो. कुणी काही मनावर घेत नाही. सरांनाही ते कारण पटलं. त्यांनी आपली रीत मोडली आणि आम्ही गुरुवारी मुन्शीजींच्या घरी गेलो.

चहा झाला. कप खाली ठेवून मुन्शीजींनी डोळे मिटले आणि पाठ म्हणावं तसं म्हणाले, "पूर्वेस वीस फुटी रस्ता, पश्चिमेस लिहून देणाराची उर्वरित जमीन, दक्षिणेस प्लॉट नंबर अकरा, उत्तरेस नाला. हे मी पाच वेळा लिहिलं. लिहून देणार तोच, लिहून घेणार पाच वेगळे. पाचही वेळा मला माहीत होतं." तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, "आलं, आलं." नळाचं पाणी खेचणाऱ्या मोटारी एकामागून एक सुरू झाल्या. बाहेरून त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, आवाज आला, "अहो, नळी धरा आधी. टीव्ही काय पळून जातोय का?" मुन्शीजी कॅमेऱ्यासमोरून उठले, टाकीत नळी सोडून गुडघ्यापर्यंत भिजून परत आले, आणि पुढचं सगळं सांगितलं. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. सरांनी शब्द दिला, "तुमचा चेहरा आणि नाव कुणाला दिसणार नाही. माझ्याकडून तर कधीच नाही."

दुसऱ्या दिवशी सरांची वैजापूरला तारीख होती. एपिसोड संध्याकाळी जायचा होता. अंतिम एडिट सर स्वतः बघितल्याशिवाय सोडत नसत, पण त्या दिवशी ते कोर्टात बसलेले, फोन बंद. मी थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. चेहरा मी इतका नीट झाकला होता, आवाज इतका बदलला होता, की मुन्शीजींच्या आईनंही ओळखलं नसतं. आणि खाली खोलीचा आवाज ठेवला होता, सरांनी शिकवलेला. मोटारींची घरघर, भांड्यांचा खणखणाट, "आलं, आलं." इतकं आपलं वाटलं ते कानाला, की काढवेना. वर सुरुवातीला मी ओळ टाकली, 'कालच आमच्याशी बोलताना...' बातमी ताजी वाटावी म्हणून.

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दोन्ही मिळून पत्ता झाला.

कोणत्या दिवशी कोणत्या भागात पाणी येतं, हे महापालिकेनंतर टँकरवाल्यांना पाठ असतं. त्यांचा धंदाच त्यावर चालतो. अण्णाच्या माणसांनी गुरुवारचे भाग काढले. बाँड लिहिणाऱ्यांपैकी त्या भागात राहणारा एकच निघाला. सोमवारी कचेरीबाहेर एक माणूस आला, मुन्शीजींच्या टेबलावर कोरा बाँड ठेवला आणि प्रेमानं विचारलं, "काका, गुरुवारी पाणी भरलं का नीट?" एवढं विचारून तो गेला. बाँड तिथंच राहिला.

मुन्शीजी तसेच उठून आमच्या ऑफिसात आले. त्यांनी तो प्रश्न सांगितला तेव्हा मला आधी काहीच कळलं नाही. सरांना कळलं. ते माझ्या टेबलाशी आले, हेडफोन लावले आणि एपिसोड सुरुवातीपासून ऐकला. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. मोटारी सुरू झाल्या त्या जागी त्यांनी डोळे मिटले.

चॅनलचे मालक आले. त्यांनी विचारलं, "हे कुणी बघून सोडलं?"

"मी," सर म्हणाले.

"तुम्ही तर वैजापूरला होता ना?"

"मोबाईलवर बघितलं. माझी चूक आहे."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. विद्यापीठात दुसरी आलेली, शिकल्याचा तोरा गल्लीभर मिरवणारी. 'मी' हे एक अक्षर माझ्या तोंडातून निघालं नाही.

त्याच दुपारी सर मुन्शीजींना आणि काकूंना आपल्या घरी घेऊन गेले. सिडकोत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पोलिसांत नाव द्यायला मुन्शीजी तयार नव्हते, "नाव कागदावर आलं की मी संपलो," म्हणायचे. त्यांना कागदाचा अनुभव होता. मग सरांनी एक केलं. आधी दोनदा त्यांना पोलीस संरक्षण घ्या म्हणून सांगितलं गेलं होतं आणि दोनदा त्यांनी नाकारलं होतं. या वेळी त्यांनी स्वतः अर्ज केला, माझ्या जिवाला धोका आहे म्हणून. आठवड्यात दाराशी बंदूकवाला हवालदार आला. संरक्षण कागदावर सरांना होतं. खरं ते आतल्या खोलीतल्या मुन्शीजींना होतं. हे माहीत असलेली माणसं पाच: ते दोघं नवराबायको, हे दोघं नवराबायको आणि मी. हवालदाराला सांगितलं होतं, गावाकडचे भाऊ-वहिनी आलेत, दवाखान्यासाठी.

ऑफिसात टोमणे सुरू झाले. "सर आता व्हीआयपी." "सर, गनमॅनला पण एक माईक द्या." चाचांनी टपरीवर हवालदाराला बघून विचारलं, "आहिस्तासाब, तुम पकडे गए क्या?" सर हसले आणि दोन चहा जास्त सांगितले.

पण सरांचं सगळं काम माणसांवर चालायचं. बसस्टँडवर शेजारी येऊन बसणारी, दवाखान्याच्या रांगेत कानाशी लागणारी, पिशवीत झेरॉक्स घेऊन येणारी माणसं. बंदूकवाला मागं उभा असताना खरं सांगायला कोण येणार? एका दुपारी मी त्यांच्या घरी होते. गॅलरीतून दिसलं, एक मध्यमवयीन माणूस फाटकातून आत आला, हातात कागदांची गुंडाळी. जिन्याशी खुर्ची टाकून बसलेला हवालदार त्याला दिसला. माणूस थबकला, चप्पल तुटल्यासारखा खाली वाकला, आणि मागं वळून निघून गेला. सर गॅलरीत उभे होते. हाक मारता आली असती. हाक मारली असती तर हवालदारानं त्याचं नाव विचारलं असतं. "पैठणकडचा वाटला," एवढंच ते म्हणाले आणि आत आले.

घरात दिवसा पडदे लावलेले. मुन्शीजी खिडकीपाशी जायचे नाहीत. हात स्वस्थ बसेना म्हणून ते सरांच्या बायकोच्या, म्हणजे मॅडमच्या, शाळेच्या प्रमाणपत्रांवर पोरांची नावं लिहून द्यायचे. मॅडम प्राथमिक शाळेत शिक्षिका. शाळेत सगळ्यांनी मॅडमच्या अक्षराचं कौतुक केलं आणि मॅडमना ते मुकाट घ्यावं लागलं. काकूंनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मॅडम मला म्हणायच्या, "माझ्या घरात मीठ कुठं आहे ते मला विचारावं लागतं." एकदा जरा कडवट झाल्या. "यांनी एवढे आरोपी दाखवले, अगं. कोंडलं गेलं ते आमचं घर." सर आतून ऐकत होते. हवालदार भला माणूस होता, मुन्शीजींशी पत्ते खेळायचा आणि मधूनच विचारायचा, "पाव्हणं, दवाखाना लई दिवस चालला की वो." मुन्शीजी म्हणायचे, "जुनं दुखणं हाय."

असा एक उन्हाळा, एक पावसाळा आणि परत निम्मा उन्हाळा गेला. सरांकडं दाखवायला काही उरलं नाही. मालकांनी अर्ध्या तासाचं नाव बदललं, आधी रस्त्यांतले खड्डे आले, मग श्रावणातले उपवासाचे पदार्थ. सरांनी तेही केलं, त्याच आवाजात. साबुदाणा किती वेळ भिजवावा हे ते असं सांगत, की आता शेवटी कुणाला तरी अटक होणार असं वाटायचं. लोक हसले, मग बघायचे बंद झाले. पुढं तो अर्धा तासही गेला.

एका सकाळी मुन्शीजी सरांना म्हणाले, "मला जाऊ द्या आता." त्यांच्या व्याह्यांनी मध्यस्थी केली होती. अण्णा काही करणार नव्हता. फक्त एक प्रतिज्ञापत्र हवं होतं. सरांनी विचारलं, "काय लिहिणार त्यात?" मुन्शीजी पिशवी भरू लागले. सरांनी रिक्षा बोलावली. काकू जाताना मॅडमच्या गळ्यात पडल्या, मुन्शीजींनी मात्र वर बघितलं नाही. आठवडाभरात सरांनी हवालदारही परत पाठवला. खुर्ची काही दिवस जिन्याशीच पडून होती.

प्रतिज्ञापत्रात काय होतं ते आम्हाला फुलंब्रीच्या कोर्टात कळलं. त्या एपिसोडवरून अण्णानं घातलेला बदनामीचा खटला तिथं चालू होता. मुन्शीजी पिंजऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "टीव्हीवर बोलणारा माणूस मी नाही. माझं असं काहीही म्हणणं नव्हतं. उलट या लोकांनी मला घरात डांबून ठेवलं होतं." मी सरांच्या शेजारी होते. माझे कान तापले. सर बाहेर येऊन बाकावर बसले, डबा उघडला आणि पोळीचा तुकडा मोडत म्हणाले, "डांबून म्हणाले. शब्द अगदीच चुकीचा नाही."

सरांचा खटला लढणाऱ्या वकील मॅडम म्हणाल्या, एकच मार्ग आहे. मुलाखतीचं मूळ चित्रण द्या, न झाकलेलं, खऱ्या आवाजातलं. ते दिलं की अण्णाची तक्रार पडते आणि डांबून ठेवल्याची भाषाही. त्या चित्रणाचं कार्ड माझ्याकडं होतं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर सरांचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांनीच ते मला सांभाळायला दिलं होतं. माझ्या पदवीच्या कागदासोबत एकाच पाकिटात ते ठेवलेलं. याहून सुरक्षित जागा आमच्या घरात नाही.

"देऊया," मी म्हणाले. त्या दिवशी कोर्टातून ते पहिल्यांदा आमच्या घरी आले. आईनं चहा केला. त्यांनी तो सावकाश पूर्ण प्यायला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "कार्ड आण. पुसून टाकूया."

मी म्हटलं, "सर, तुम्ही कायमचे अडकाल."

"हे बघ. कोर्टात दिलं की त्याची प्रत समोरच्या वकिलाला जाते. मुन्शीजींनी शपथेवर सांगितलंय, तो मी नाही म्हणून. चेहरा दिसला की ते खोटी शपथ घेतल्याबद्दल आत जातील. आणि आत जायच्या आधी अण्णाला कळेल, की ते खरोखरच बोलले होते. मी शब्द काय दिला होता?"

"त्यांनी तुमच्यावर आळ घेतला."

"घेऊ दे. मी तर अडकलोयच. एका अडचणीत एक माणूस आरामात मावतो. दोघांनी राहून बघितलं, लई दाटी होते."

मी कार्ड आणून माझ्या पिशवीतल्या कॅमेऱ्यात घातलं. सर म्हणाले, एकदा बघू दे. आम्ही सगळं बघितलं. उघड्या चेहऱ्याचे मुन्शीजी, चतुःसीमा म्हणणारे, उठून जाणारे, भिजून परत येणारे. मोटारी सुरू झाल्या तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, तो आवाज मी ठेवला होता. 'कालच' पण मीच लिहिलं. तुम्ही काहीही बघितलं नव्हतं."

"माहीत आहे."

"मग तुम्ही का सांगितलं?"

"तुझी ती पहिली नोकरी होती," सर म्हणाले. "आणि आवाज ठेवायला शिकवलं कुणी?"

बटण मी दाबलं. स्क्रीनवर खात्री करून घेणारा प्रश्न आला, तोही मीच होकारानं संपवला. हे लिहिल्यावर मला त्रास होऊ शकतो, असं वकील मॅडमनी बजावलंय. होऊ दे. एकदा गप्प बसून झालंय.

त्यानंतर वर्षही पुरतं झालं नाही आणि मुन्शीजी वारले. आजारानं, आपल्या घरात, आपल्या पलंगावर. बातमी ऐकल्यावर माझ्या मनात पहिलं जे आलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते: कार्ड असतं तर आज सर सुटले असते. दुसऱ्या खटल्यांचे निकाल लागले किंवा ते मिटले. अण्णाचा तेवढा चालूच होता, आणि सरांकडं स्वतःच्या शब्दाशिवाय काही नव्हतं. मी सरांना तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "माणूस घरी मेला ना?"

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं मुन्शीजींच्या गल्लीत गेलो. व्याही दारात बसले होते. सरांना बघून त्यांनी मान फिरवली. या म्हटलं नाही. सर उन्हात तसेच उभे राहिले. गल्लीतली माणसं ओट्यांवरून बघत होती. थोड्या वेळानं काकू स्वतः बाहेर आल्या. व्याही म्हणाले, "विहीणबाई, आत चला." त्या गेल्या नाहीत.

"तुमच्या खटल्याचं काय झालं?" त्यांनी सरांना विचारलं.

"चाललाय, वहिनी. तुम्ही आता तो विचार करू नका."

"त्यांना लई लागलं होतं ते. पिंजऱ्यात जे बोलले ते. त्या दिवसापासून बाँड लिहायला बसले नाहीत." मग म्हणाल्या, "मी होते ना त्या गुरुवारी. दारात उभी होते. सगळं ऐकलंय मी. तुमच्या घरी कसं राहिलो तेही मला ठाऊक. मी सांगते कोर्टात."

सर गडबडले. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. "वहिनी, घाई करू नका. तुम्हाला इथंच राहायचंय. नीट विचार करा."

"विचार करायला वर्षभर तुमच्या स्वयंपाकघरात होते की," काकू म्हणाल्या.

"तुमचं नाव मी कुणाला सांगणार नाही."

"तुम्ही नका सांगू. दिलेला शब्द तुमचा आहे, माझा नाही." आणि त्या व्याह्यांकडं वळल्या, मग ओट्यांवरच्या माणसांकडं, आणि तिथंच उन्हात उभ्या राहून त्यांनी आपलं नाव सांगितलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. वय सांगितलं. धंदा, घरकाम. राहणार, याच गल्लीत. कोर्टात सांगतात तसं, एकेक.

ते नाव आता साक्षीदारांच्या यादीत आहे, सरांच्या बाजूनं पहिलं. पुढच्या तारखेला त्यांना घ्यायला मी जाणार आहे. यादी कोर्टात आहे, ज्याला वाचायची त्यानं तिथं जाऊन वाचावी. मी ते नाव इथं लिहीत नाही.